जांभळे डाग आणि एक आकडा : ‘आयटीपी’ या व्याधीचा इतिहास

नेहमीच्या तपासणीसाठी दिलेल्या रक्ताचा अहवाल येतो आणि त्यात प्लेटलेटच्या रकान्यात वीस हजार असा आकडा असतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात प्लेटलेट, म्हणजे रक्तपट्टिका, साधारण दीड लाख ते साडेचार लाख असतात. रुग्णाला मात्र फारसा त्रास होत नसतो. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, दात घासताना हिरड्यांतून येणारे थोडे रक्त, कुठे आपटल्याचे आठवत नसतानाही दंडावर उमटलेला काळानिळा डाग, एवढेच. तांबड्या व पांढऱ्या पेशी ठीक असतात. इतर कारणे एकेक करून वगळली जातात आणि शेवटी कागदावर निदान लिहिले जाते : इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, अर्थात आयटीपी.

दर पावसाळ्यात डेंग्यूच्या बातम्यांनी ‘प्लेटलेट’ हा शब्द भारतात घराघरांत पोचवला आहे. त्यामुळे असा आकडा ऐकताच घरची मंडळी धास्तावतात. पण हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. आज नव्याने निदान झालेल्या रुग्णाला डॉक्टर जो सल्ला देतात, त्यातील जवळपास प्रत्येक वाक्यामागे या इतिहासाचा एखादा टप्पा उभा आहे.

मोजणीच्या आधीचा काळ

1735 साली जर्मनीतील हॅनोव्हरचे वैद्य पॉल गॉटलीब वेर्लहोफ यांनी एका तरुण मुलीच्या आजाराचे वर्णन केले. धडधाकट प्रकृतीच्या या मुलीच्या नाकातून अचानक रक्त वाहू लागले, रक्ताच्या उलट्या झाल्या आणि मानेवर व हातांवर काळे-जांभळे डाग उमटले. त्या काळी अंगावरचे असे डाग म्हणजे साथीच्या तापाचे लक्षण समजले जाई. वेर्लहोफ यांनी हा आजार त्यापासून वेगळा काढला. मुलगी बरी झाली आणि या विकाराला पुढे बराच काळ ‘वेर्लहोफचा रोग’ म्हणत राहिले. रक्तस्राव का होतो, हे मात्र त्यांना सांगता येणे शक्य नव्हते. कारण ज्या कणांच्या अभावी तो होतो, ते कण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक सुधारले तसे रक्तातील हे बारीक कण अनेकांच्या नजरेस पडू लागले. कोणी त्यांना पेशींचे तुकडे मानले, कोणी रक्तातील कचरा. 1882 साली इटलीतील तुरिन येथील जुलिओ बिझोझेरो यांनी जिवंत प्राण्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमध्ये हे कण वाहताना पाहिले, जखमेच्या जागी ते एकमेकांना चिकटून गुठळीची सुरुवात करतात हे दाखवले आणि रक्तातील स्वतंत्र घटक म्हणून त्यांना मान्यता मिळवून दिली. त्यानंतर वेर्लहोफच्या कोड्याचा पहिला धागा सुटायला वेळ लागला नाही. डाग उमटलेल्या रुग्णांच्या रक्तात या कणांची संख्या फार घटलेली असते, हे त्याच दशकात डेनिस आणि इतर संशोधकांनी नोंदवले. 1906 साली बॉस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी आणखी एक भर घातली : प्लेटलेट हे अस्थिमज्जेतील ‘मेगाकॅरिओसाइट’ नावाच्या महाकाय पेशींचे तुकडे असतात.

आता प्रश्न दोनच उरले. प्लेटलेट कमी का होतात? त्या तयारच होत नाहीत, की तयार होऊन नष्ट होतात?

प्रागमधील विद्यार्थ्याचा तर्क

पहिले मत मांडणाऱ्यांचे म्हणणे, दोष अस्थिमज्जेत आहे. दुसऱ्या मताला बळ दिले ते एका वैद्यकीय विद्यार्थ्याने. तांबड्या पेशी फुटून होणाऱ्या एका प्रकारच्या पंडुरोगात प्लीहा, म्हणजे पाणथरी, या पेशींचा नाश करते आणि ती काढून टाकल्यावर रुग्ण सुधारतो, हे तेव्हा ज्ञात होते. प्रागमध्ये शिकणाऱ्या पॉल कात्झनेलसन याने विचार केला, की तांबड्या पेशींबाबत जे घडते तेच प्लेटलेटबाबत का घडू नये? त्याने आपल्या शिक्षकांना गळ घातली. 1916 साली जुनाट रक्तस्रावाने त्रस्त असलेल्या एका स्त्रीची प्लीहा शस्त्रक्रियेने काढण्यात आली आणि तिच्या प्लेटलेटची संख्या झपाट्याने वाढली.

ही शस्त्रक्रिया पुढे अनेक दशके या व्याधीवरचा प्रमुख उपाय राहिली. पण सर्वच रुग्णांना तिचा गुण येत नसे. प्लीहा काढूनही काहींच्या प्लेटलेट पुन्हा घसरत. प्लेटलेट नष्ट होतात हे पटले तरी त्या नष्ट करण्याची खूण कोण करते, हे अज्ञातच होते.

सेंट लुइसमधील रक्तसंक्रमण

एक सूचक निरीक्षण मात्र डॉक्टरांच्या समोर होते. या व्याधीने ग्रस्त मातेचे नवजात बाळही काही वेळा कमी प्लेटलेट घेऊन जन्मते आणि काही आठवड्यांत आपोआप बरे होते. आईच्या रक्तातून काहीतरी बाळाकडे जात असावे आणि ते हळूहळू विरून जात असावे.

1950 साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे रक्तविकारशास्त्राचे प्रशिक्षण घेणारे विल्यम हॅरिंग्टन आणि जेम्स हॉलिंग्जवर्थ यांनी हा ‘घटक’ तपासायचे ठरवले, तेही स्वतःवर. रुग्णेचा रक्तगट हॅरिंग्टन यांच्याशी जुळला. तिचे सुमारे अर्धा लिटर रक्त त्यांच्या शिरेत देण्यात आले. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट धोकादायक पातळीवर कोसळल्या, त्यांना झटका आला, अंगावर रक्ताचे ठिपके उमटले. त्यांच्या अस्थिमज्जेची तपासणी केली तेव्हा मेगाकॅरिओसाइट शाबूत दिसले. कारखाना चालू होता; माल बाहेर पडल्यावर नष्ट होत होता. सुमारे पाच दिवसांत संख्या पूर्ववत झाली. त्यानंतर इतर सहकाऱ्यांनीही रुग्णांचे रक्तद्रव स्वतःवर टोचून घेतले आणि बहुतेकांत तोच परिणाम दिसला. 1951 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आज कोणतीही नीतिविषयक समिती या प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण स्वतःच्याच पेशींवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीचा हा माणसातील आरंभीच्या स्पष्ट पुराव्यांपैकी एक ठरला. 1965 मध्ये शूलमन यांनी हा घटक ‘आयजीजी’ वर्गातील प्रतिपिंड असल्याचे दाखवले. हेच प्रतिपिंड वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतात. नवजात बाळांचे कोडे तिथे उलगडले. 1982 साली नेदरलँड्समधील संशोधकांनी नेम कशावर धरला जातो तेही शोधले. ग्लान्झमन या आनुवंशिक विकारात प्लेटलेटच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन नसते. आयटीपीच्या अनेक रुग्णांमधील प्रतिपिंड निरोगी प्लेटलेटना चिकटत, पण या प्लेटलेटना चिकटत नसत. म्हणजे लक्ष्य तेच प्रथिन होते. प्रतिपिंडाची खूण लागलेली प्लेटलेट प्लीहेतील भक्षक पेशी गिळतात. एरवी सात ते दहा दिवस जगणारी प्लेटलेट मग काही तासांतच संपते.

उपचार आणि त्यांनी दिलेले धडे

1950 च्या दशकात स्टेरॉइड औषधे आली आणि आजही उपचाराची सुरुवात बहुधा त्यांनीच होते. 1981 मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे पॉल इमबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वेगळ्याच कारणासाठी मुलांना दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन दिले, आणि प्लेटलेट भराभर वाढल्या. प्लेटलेट तातडीने वाढवण्याची गरज पडते तेव्हा हा उपाय आजही वापरला जातो.

1994 मध्ये प्लेटलेटची निर्मिती वाढवणारे ‘थ्रॉम्बोपोएटिन’ हे संप्रेरक वेगळे करण्यात यश आले. त्याच्याशी मिळतेजुळते औषध निरोगी स्वयंसेवकांना दिले असता काहींच्या शरीराने त्या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे बनवली, आणि तीच प्रतिपिंडे त्यांच्या स्वतःच्या संप्रेरकावरही तुटून पडली. प्लेटलेट वाढवण्याच्या औषधाने प्लेटलेट कमी झाल्या. तो प्रकल्प गुंडाळावा लागला. पुढच्या पिढीतील औषधांची रचना मूळ संप्रेरकासारखी नाही. ती फक्त त्याच कुलुपात बसणारी वेगळी किल्ली आहे. रोमिप्लोस्टिम आणि एल्ट्रोम्बोपॅग या औषधांना 2008 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. 2025 मध्ये तिथेच रिल्झाब्रुटिनिब या गोळीलाही मान्यता मिळाली.

भारतात या इतिहासाला खर्चाची बाजू आहे. इम्युनोग्लोब्युलिन बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून येथील डॉक्टरांनी कुष्ठरोगावरचे जुने, स्वस्त औषध डॅप्सोन या व्याधीत वापरून पाहिले. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या चमूने 2005 मध्ये लहान-मोठ्या 90 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. स्टेरॉइडनंतरचा पर्याय म्हणून भारतात हे औषध आजही वापरात आहे; ते सुरू करण्याआधी ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची तपासणी करून घ्यावी लागते.

यंत्र चुकते तेव्हा

वेल्लोरनेच आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. उपचारांसाठी पूर्व भारतातून हजारो लोक तिथे येतात. त्यांच्यातील काहींच्या प्लेटलेट कमी दिसत, पण रक्तस्रावाचा मागमूस नसे. 2002 मध्ये तेथील डॉक्टरांनी पश्चिम बंगालमधील निरोगी रक्तदात्यांचा अभ्यास मांडला. त्यांच्यापैकी अनेकांच्या प्लेटलेट संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत्या, आणि त्यांचे काम व्यवस्थित चालू होते. ही आनुवंशिक ठेवण पुढे ‘हॅरिस प्लेटलेट सिंड्रोम’ म्हणून ओळखली गेली. ती आजार नसून शरीराची एक तऱ्हा आहे.

यात यंत्राचीही अडचण आहे. आपोआप मोजणी करणारी अनेक यंत्रे कणाच्या आकारावरून तो कोणता हे ठरवतात. फार मोठी प्लेटलेट अशा यंत्राला तांबडी पेशी वाटू शकते आणि संख्या खऱ्यापेक्षा कमी निघते. कधी नळीतील रसायनामुळे प्लेटलेट एकमेकांना चिकटतात आणि आकडा खोटाच घसरतो. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून अनुभवी डोळ्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ही बिझोझेरोच्या काळाशी नाते सांगणारी पद्धत अजूनही निदानाचा पाया आहे. हे पाहिले नाही, तर ज्याला काही झालेलेच नाही अशा माणसाला स्टेरॉइड सुरू होऊ शकते, किंवा त्याची प्लीहा काढली जाऊ शकते.

नावातील बदल

‘आयटीपी’मधील ‘आय’ पूर्वी ‘इडिओपॅथिक’ म्हणजे ‘अज्ञात कारणाचा’ यासाठी होता. 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने तो ‘इम्यून’साठी ठरवला. ‘पर्प्युरा’ म्हणजे जांभळे डाग हा शब्दही गळला, कारण अनेक रुग्णांना डाग येतच नाहीत. निदानासाठी प्लेटलेट एक लाखाच्या खाली असाव्यात असे ठरले आणि काळाचे तीन टप्पे आखले गेले : पहिले तीन महिने ‘नवनिदानित’, तीन ते बारा महिने ‘टिकून राहिलेला’ आणि त्यापुढे ‘जुनाट’. पहिल्या टप्प्याला वेगळे नाव देण्यामागे एक आशा आहे. या काळात व्याधी आपोआप ओसरण्याचीही शक्यता असते. मुलांमध्ये तर बहुतेकांची ती काही महिन्यांत जाते.

याच समजुतीतून 2019 मधील अमेरिकन रक्तविकारतज्ज्ञ संस्थेच्या मार्गदर्शक सूचना आल्या. प्लेटलेट तीस हजार किंवा त्याहून अधिक असतील आणि रक्तस्राव नसेल किंवा अगदी किरकोळ असेल, तर नव्याने निदान झालेल्या प्रौढाला सहसा स्टेरॉइड न देता केवळ निरीक्षणाखाली ठेवावे, असे त्या सांगतात. मुलांच्या बाबतीत तर आकड्यापेक्षा रक्तस्रावालाच महत्त्व दिले आहे. स्टेरॉइड द्यावे लागलेच, तर ते थोड्या मुदतीचे असावे; कारण झोप उडणे, साखर वाढणे, चिडचिड, हाडे ठिसूळ होणे ही त्याची किंमत रुग्णच मोजतो.

डेंग्यूच्या अनुभवातून आलेल्या समजुती येथे दिशाभूल करतात. डेंग्यूत रक्तद्रव वाहिन्यांतून झिरपणे हा मोठा धोका असतो आणि आजार दिवसांत संपतो. आयटीपीत बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही त्याच प्रतिपिंडांच्या तावडीत सापडतात. त्यामुळे त्या गंभीर रक्तस्रावातच उपयोगी पडतात. केवळ आकडा सुधारावा म्हणून त्या चढवण्यात अर्थ नसतो. रुग्णाने सांभाळायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. प्लेटलेट फार कमी असताना डोक्याला मार बसेल असे खेळ टाळावेत. तोंडात रक्ताचे फोड, न थांबणारा रक्तस्राव, काळी शौचास, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा डोक्याला मार यांपैकी काहीही झाल्यास आकड्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि ज्या थकव्याकडे घरचे ‘आळस’ म्हणून पाहतात, तो या व्याधीचा मान्य झालेला भाग आहे, हेही घरच्यांनी लक्षात घ्यावे.

वेर्लहोफ यांच्यासमोर डाग होते, आकडा नव्हता. आजच्या रुग्णासमोर आकडा असतो, अनेकदा डागही नसतात. दोन्ही काळांत वैद्याला विचारावा लागणारा प्रश्न एकच आहे : या माणसाला रक्तस्राव होतो आहे का, आणि होण्याचा धोका किती? त्या उत्तरावर उपचार ठरतो. काही रुग्णांच्या बाबतीत ते उत्तर औषध, काहींच्या बाबतीत शस्त्रक्रिया, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत पुढच्या तपासणीची तारीख एवढेच असते.