हिसालू आणि घाणेरी

अंबरनाथ एमआयडीसीच्या कुंपणांलगत, रस्त्याच्या कडेला माजलेली घाणेरी आपल्या परिचयाची आहे. मूळची ती अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. १८०९ च्या सुमारास शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात आणली गेली आणि देशभर पसरली. हिमालयातल्या हिसालूने नेमका उलटा प्रवास केला.

हिसालू (रूबस एलिप्टिकस) हे गुलाब कुलातील झुडूप, म्हणजे रानटी रासबेरी. ते मोकळ्या उतारांवर व जंगलाच्या कडेला वाढते. खोडावर काटे आणि तांबूस राठ केस, पान तीन पर्णिकांचे, फुले पांढरी. पिवळे फळ हा बारीक आठळीयुक्त फळांचा पुंजका असतो. तोडले की आतला गाभा झाडावरच राहतो व हाती पोकळ टोपी येते.

१८०२-०३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर फ्रान्सिस बुकानन नेपाळला गेले. त्यांनी जमवलेल्या नमुन्यांवरून लिनियन सोसायटीचे संस्थापक जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी या जातीचे वर्णन करून तिला शास्त्रीय नाव दिले.

विसाव्या शतकात हिसालू हवाई बेटांवर पोचले. पक्ष्यांनी बिया पसरवल्या, मुळांतून फुटवे आले आणि स्थानिक वनस्पती काटेरी जाळीखाली दबल्या. मायदेशी त्याला आवरणारे कीटक व रोग बेटावर बरोबर गेले नव्हते. जगातील १०० उपद्रवी परकीय जातींच्या यादीत हिसालू आणि घाणेरी दोन्ही आहेत.

म्हणजे दोष झाडाचा नाही. प्रश्न ते कोठे नेले याचा आहे. घाणेरीची फळे कोणते पक्षी खातात, याची नोंद विद्यार्थ्यांना करायला सांगावी. प्रसाराचे रहस्य त्यांना शाळेच्या कुंपणापाशीच उलगडेल.