मोठ्यांचे वाद आणि मुलींची शाळा

इतिहासकार लढायांची व तहांची नोंद करतात, वर्तमानपत्रे वादांची व ठरावांची. त्या धामधुमीत दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या पाटीचे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी टिपून ठेवतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणावरून व विवाहाच्या वयावरून जो कलह माजला, तो आपण बहुधा दोन पक्षांचा वृत्तान्त म्हणूनच वाचत आलो आहोत. आम्हांस तो मुलींच्या बाजूने पाहावयाचा आहे. बंगळूरच्या महादेवपुऱ्यात बसून तसे पाहण्यास एक कारणही आहे. त्या कलहाच्या मध्यभागी उभी असलेली विदुषी जन्मली ती याच कर्नाटकाच्या डोंगरात. आणि त्या वादाचे एक लहानसे उत्तर लिहिले गेले तेही याच म्हैसूरच्या भूमीवर.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, म्हणून त्यांना उडुपीच्या पंडितसभेपुढे आपली बाजू मांडावी लागली. त्या माउलीनेच पुढे मुलीला शिकविले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. राहिली ती भावंडे दोन, आणि पाठ केलेले सहस्रावधी श्लोक. त्या विद्येच्या बळावर १८७८ साली कलकत्त्याने या मुलीला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. दुष्काळाने सर्वस्व नेले तरी शिकलेले अक्षर नेता आले नाही, ही गोष्ट रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

पुण्यात मुलींच्या शाळेचे बीज त्यापूर्वीच रुजले होते. १८४८ साली भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी शाळा काढली, तेव्हा शेणमातीचा मारा सोसून शिकवावयास जावे लागे. पुढे विरोधाचे रूप बदलले. प्रश्न शाळेच्या दारावरून घराच्या उंबरठ्यावर आला: मुलीवर हक्क कोणाचा? बापाचा, नवऱ्याचा, जातीचा, की तिचा स्वतःचा? मुंबईच्या रखमाबाईंनी हा प्रश्न न्यायालयातच उभा केला. अकराव्या वर्षी झालेल्या लग्नाच्या आधारे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली त्यांच्यावर दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. १८८७ साली तो फिरला, आणि नांदावयास जा, नाहीतर सहा महिने कारावास भोगा, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली. त्या विलायतेस गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या.

या खटल्याची धग निवते न निवते तोच १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. मर्यादा दहांवरून बारा वर्षांवर नेण्यापलीकडे त्यात काही नव्हते; तरी सारा महाराष्ट्र दुभंगला. परकीय सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा टिळकांचा आक्षेप पोकळ नव्हता. पारतंत्र्यात तो स्वाभाविक होता. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलीला स्वराज्य येईपर्यंत थांबता येत नव्हते. तिचे बालपण कोणत्याही पक्षाच्या सोयीने पुढे ढकलले जाणार नव्हते.

हाच पेच शारदासदनात अधिक तीव्रतेने प्रकट झाला. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी बालविधवांसाठी शारदासदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास आणले. धार्मिक बाबतीत संस्था तटस्थ राहील, या भरवशावर रानडे व भांडारकर यांच्यासारख्या थोर पुरुषांनी साह्य दिले. पुढे काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, १८९३ साली रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी वीस-पंचवीस मुलींना काढून नेले.

येथे दोष कोणाचा, याचा निवाडा शंभर वर्षे चालला आहे. पालकांची धास्ती खोटी नव्हती. दिलेल्या शब्दाचा अर्थ त्यांनी सरळ घेतला होता. आपल्या खोलीचे दार कोणाला बंद करणार नाही, हे रमाबाईंचे म्हणणेही प्रामाणिक होते. पण एवढ्या लेखांत व सभांत ज्यांच्यासाठी वाद, त्या मुलींना आपली इच्छा सांगावयास कोणी व्यासपीठ दिल्याचे आढळत नाही. घरी नेलेल्या त्या वीस-पंचवीस जणींपैकी पुढे कितींच्या हाती पुस्तक आले, हे कोणत्याही अग्रलेखात आलेले नाही. याच सदनातील पहिली बालविधवा विद्यार्थिनी गोदूबाई मात्र १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाली. आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथबालिकाश्रम स्थापून तेच कार्य हिंदू समाजाच्या चौकटीत पुढे नेले. भांडण विझले, शाळा तेवढी उरली.

१८९६-९७ च्या दुष्काळाने या कार्याची खरी कसोटी घेतली. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या व उपासमारीने, त्याहूनही माणसांच्या लोभाने, ग्रासलेल्या मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर बिऱ्हाड पडले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. अन्नासोबत तेथे वाचन, विणकाम, छपाई व शेती शिकविली जाई. पुढे कन्या मनोरमाबाईंच्या साहाय्याने गुलबर्ग्यासही शाळा निघाली. संकट संपल्यावर शिकवू, असे रमाबाई म्हणाल्या नाहीत.

आता म्हैसूरकडे वळू. येथे १८८१ पासून पुन्हा वाडियार राजांचा कारभार सुरू झाला होता. १८९४ साली संस्थानाने बालविवाहप्रतिबंधक नियम केला: आठ वर्षांखालील मुलीचे लग्न लावणे गुन्हा, आणि पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी लग्न करणे हाही गुन्हा. मर्यादा आज क्षुद्र वाटेल. परंतु राजा आपलाच असल्याने ‘परकीयांचा हस्तक्षेप’ हा आक्षेप येथे लागू पडत नव्हता, आणि विरोध तरीही झालाच. गंमत अशी की, बंगळूरची लष्करी छावणी तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात असल्याने तेथे म्हैसूरचे कायदे सामान्यतः चालत नसत. छावणीबाहेरच्या महादेवपुऱ्याकडील मुलीला जे संरक्षण होते, ते काही कोसांवरच्या छावणीतील मुलीला नव्हते. मुलीचा हक्क सीमेच्या दगडावर अवलंबून होता.

आज तो दगड राहिलेला नाही. २००६ च्या कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय अठरा वर्षे आहे; २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीचे शिक्षण आहे. तथापि महादेवपुऱ्यात काचेच्या उंच इमारती उभारणारे मजूर दूरदूरच्या जिल्ह्यांतून येतात. आईबाप कामावर असता धाकट्या भावाला कडेवर घेऊन झोपडीशी थांबते ती बहुधा थोरली मुलगीच. तिच्या गावचा दुष्काळ, तिच्या घरचे कर्ज, तिची परकी भाषा, यांपैकी कोणताही वाद तिने उत्पन्न केलेला नाही.

आपण वाचकांपैकी पुष्कळजण सरकारी खुर्चीवर बसणारे आहोत. बदलीच्या गावी आपल्या मुलींना शाळा मिळावी म्हणून आपण किती पत्रे लिहितो! वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणूनही प्रवेश अडविता येत नाही. मागे पडलेल्या बालकास त्याच्या वयाच्या वर्गात बसवावे लागते. ही कलमे कायद्यात छापलेली आहेत. ज्या मजुराच्या मुलीसाठी पत्र लिहिणारे कोणी नाही, तिच्यासाठी ती कलमे मुख्याध्यापकांसमोर ठेवणे एवढे तरी आपल्यापैकी कोणासही करता येईल. रमाबाईंना दुष्काळ थांबविता आला नाही, प्लेग थांबविता आला नाही, पुण्यातला वादही थांबविता आला नाही. त्यांनी शाळा तेवढी थांबू दिली नाही. आणि शंभर वर्षांनंतर त्या साऱ्या धामधुमीतून आपल्या कामाचे तेवढेच उरले आहे.