रहस्यकथेचे शेवटचे पान

विरारजवळच्या अर्नाळ्याचे नाव मराठी घरांत पोचले ते जलदुर्गाइतकेच एका आडनावामुळे. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६), म्हणजेच चंद्रकांत सखाराम चव्हाण. धनंजय-छोटू, झुंजार, काळापहाड यांच्या हजारावर रहस्यकथा त्यांनी लिहिल्या.

आमच्या वसईत शाळेच्या वयात मी त्या भाड्याने आणत असे. एका रात्रीत पुस्तक संपवायचे आणि पाहावे तो काय, शेवटचे पान गायब! पान असलेच, तर आधीच्या वाचकाने खुन्याचे नाव पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलेले.

हा झाला वाचनालयातला वैताग. दुसरा खुद्द लेखकमंडळी देतात. ऐनवेळी उगवणारा जुळा भाऊ, भिंतीतला चोरदरवाजा, गुप्तहेराने गुपचूप खिशात घातलेला पुरावा. ही तक्रार सातासमुद्रापलीकडेही होती. इंग्लंडमधील धर्मगुरू आणि रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये दहा नियमच मांडले. चोरवाट एकाहून अधिक नको, सापडलेला पुरावा वाचकालाही तत्काळ दाखवावा, जुळ्यांची पूर्वसूचना द्यावी, हे त्यांतलेच.

मला या चिडण्यात वाचकाचा स्वाभिमान दिसतो. हरायला त्याची ना नसते, डाव मात्र खरा हवा. रहस्यकथेला साहित्याच्या पंगतीत पाट मिळायला फार उशीर झाला. पण लेखकाला जाब विचारणारा सामान्य वाचक घडवण्यात तिचा वाटा मोठा आहे, आणि अर्नाळकरांचे नाव त्यात अग्रभागी घ्यावे लागेल.