स्वतंत्र पॉडकास्टला समीक्षक कशाला?

मराठी पॉडकास्टचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते: पदरमोड करून कार्यक्रम करणाऱ्यांची समीक्षा करू नये. आवडले तर चार जणांना सुचवावे, नाही तर गप्प बसावे. बिचारे हौसेने करतात, उगाच हिरमोड कशाला? शिवाय काय ऐकायचे ते ॲप सांगतेच, आणि पॉडकास्ट म्हणजे शेवटी गप्पा. गप्पांची कोणी समीक्षा करते का?

गप्पांचा मुद्दा आधी निकालात काढू, त्यात फारसा दम नाही. आकाशवाणी मुंबईवरचे ‘पुन्हा प्रपंच’ वरवर घरातले बोलणेच होते. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ही त्यातली पात्रे घरोघर पोचली ती बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांच्या आवाजातल्या कसबामुळे. कसब आले की पारख आलीच.

ॲपचे म्हणणे जरा गंभीरपणे घ्यायला हवे. लोकलने रोज मुंबईला जाणारा श्रोता घ्या: कर्जतहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे 100 किलोमीटर, लोकलने दोन तासांच्या आसपास. खोपोलीवाल्याला त्याआधी लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी. इतका वेळ हाताशी असलेला श्रोता पॉडकास्टला दुसरीकडे क्वचितच मिळेल. त्याने एखादा भाग मध्येच बंद केला, हे ॲपला मिनिटासकट कळते. पण कल्याणला गर्दी अंगावर आली म्हणून बंद केला, की पाहुण्याला बोलूच देत नव्हते म्हणून, हे त्याला कळत नाही. आणि पुस्तक दुकानात उभ्या उभ्या चाळता येते, तसा दीड तासाचा भाग चाळता येत नाही. ‘पहिली वीस मिनिटे सोडा, खरे बोलणे पुढे आहे’ हे सांगायला आधी पूर्ण ऐकलेला माणूसच लागतो. 2024 मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झाले, तेव्हा तर सुचवणारा दुकानदारच उठून गेला.

आता हिरमोड. इथे माझे मत प्रचलित मताच्या नेमके उलट आहे. बीबीसी मराठीसारख्या संस्थेत निवेदकाच्या मागे संपादक असतो. एकट्याने काम करणाऱ्याला वरिष्ठ नाही, तसा चूक दाखवणाराही नाही. म्हणून समीक्षेची जास्त गरज त्यालाच आहे.

एक उदाहरण घेऊ. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ती वस्ती. समजा, त्यावर कोणी कळकळीने एक भाग केला आणि ‘धोक्याच्या यादीत असूनही सरकार झोपले’ असे त्यात ठणकावून सांगितले. ऐकायला जोरदार, पण चूक. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले होते. खरा प्रश्न त्याहून अवघड आहे: डोंगरउतारावरची अशी वस्ती यादीत का नव्हती? नुसती पाठ थोपटणाऱ्याने तो प्रश्न त्या निवेदकाच्या हाती कधीच दिला नसता. त्या भागात वाडीतली माणसे त्यांच्या बोलीत बोलतात, की शहरातला निवेदक त्यांच्या वतीने हळहळतो? त्यांच्या शांततेवर पावसाचा आवाज आणि बासरी कोणी चढवली? हे विचारणे म्हणजे छोट्या माणसाला झोडपणे नव्हे. त्याचे काम खरेच ऐकले, याचा तो पुरावा आहे.

टीकेने हौस मरते म्हणणाऱ्यांनी ‘ललित’ आठवावे. केशवराव कोठावळे यांनी 1964 मध्ये सुरू केलेले हे मासिक पुस्तकांच्या धंद्यातल्या माणसाचेच. त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ होऊन लेखकांची टोपी उडवत. लेखक लिहायचे थांबले नाहीत. उलट आपले नाव कधी येते, याची वाट पाहणारेही असणारच! ॲपवर एक तारा देऊन पळणे मात्र वेगळे. त्याला मी समीक्षा म्हणत नाही, आणि त्याने हिरमोड होतो हे मान्य.

सरसकट कौतुकाचा तोटा मात्र कोणी मोजत नाही. ‘अमुक तमुक’, ‘मित्रम्हणे’, ‘थिंक बँक’ या कार्यक्रमांची नावे आता लोकांना ठाऊक आहेत. पण उद्या नेरळच्या कोणी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्यावर मालिका केली, 1942 मध्ये विजेचे मनोरे पाडण्यापासून 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर आलेल्या मरणापर्यंत, तर तिची शिफारस कशी करणार? ‘अप्रतिम, नक्की ऐका’ हे शब्द आधीच्या पन्नास कार्यक्रमांवर खर्च झालेले असतील.

तेव्हा शिफारस करायचीच तर भागाचा क्रमांक द्यावा, कोणत्या मिनिटापासून ऐकायचे ते लिहावे, काय खटकले तेही लिहावे. प्रायोजक कोण, याची नोंद करावी. कर्जत-खालापुरात पॉडकास्ट करणारा आणि त्यावर लिहिणारा एकाच शाळेतले निघण्याची शक्यता बरीच. तसे असेल तर ते पहिल्याच ओळीत सांगून टाकावे.