सहाशे डॉलरची बॅटरी

१९१४ सालच्या अमेरिकेत ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ नावाची एक देखणी मोटार मिळायची. उंच काचा, आत गुबगुबीत बैठक, बाहेरून घोडागाडीच्या डब्यासारखी दिसणारी. ती घेताना नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीऐवजी एडिसनच्या कारखान्यातली निकेल-लोखंडाची बॅटरी हवी असेल, तर वर सहाशे डॉलर मोजावे लागत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेन्री फोर्डने आपल्या मॉडेल टी टूरिंग गाडीची किंमत ४९० डॉलरवर आणली. म्हणजे इंजिन, चाकं, टप, दिवे यांच्यासकट अख्खी गाडी एका बॅटरीच्या अपग्रेडपेक्षा शंभरावर डॉलरनी स्वस्त. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

‘इलेक्ट्रिक गाडी परवडते का?’ हा आपल्या पिढीचा प्रश्न आहे असं आपल्याला वाटतं. ऑफिसातल्या प्रत्येक ग्रुपवर कुणी ना कुणी त्याची एक्सेल शीट फिरवत असतो. एका कॉलममध्ये पेट्रोल, दुसऱ्यात वीज, खाली ब्रेक-इव्हनचे किलोमीटर. पण ही शीट शंभर वर्षांपूर्वी लोकांनी कागदावर मांडून झाली होती, आणि बहुतेकांचं उत्तर पेट्रोलच्या बाजूने आलं. ते तसं का आलं याची जी गोष्ट सहसा सांगितली जाते, ती मला अर्धवट वाटते.

सुरुवात अगदी वेगळी होती. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यात वाफेवरच्या १,६८१, विजेवरच्या १,५७५ आणि पेट्रोलवरच्या फक्त ९३६. त्याच्या आदल्याच वर्षी कामिय जेनात्झी या बेल्जियन गड्याने विजेच्या गाडीतून ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडला होता. तो ओलांडणारी ती पहिली मोटार. न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून विजेच्या टॅक्सी धावत होत्या. दमलेली बॅटरी खाली उतरवून भरलेली चढवायची सोयही त्यांच्या तळावर होती. पेट्रोलची गाडी आवाज करी, धूर सोडी, आणि सुरू करायला पुढे उभं राहून लोखंडी हँडल फिरवावं लागे. ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं.

पण तेव्हा कुठलीच मोटार सामान्य माणसाची नव्हती, ही गोष्ट या आकड्यांकडे बघताना विसरायला होते. श्रीमंताच्या दारात घोडागाडीशेजारी उभी राहणारी ती चैनीची वस्तू होती. तिथे कुणी ‘परवडतं का’ विचारत नव्हतं, म्हणून वीज आणि पेट्रोल बरोबरीने उभे होते. तो प्रश्न १९०८ साली मॉडेल टी आली तेव्हा सुरू झाला.

मॉडेल टी आली तेव्हा ८५० डॉलरची होती, म्हणजे तेव्हाही काही फुकट नव्हती. खरी गंमत पुढच्या आठ वर्षांत झाली. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन आली आणि एक चॅसी जोडायला जे साडेबारा तास लागत, ते दीड तासावर आले. १९१६ मध्ये किंमत ३६० डॉलर झाली. १९२५ पर्यंत सर्वात साधी मॉडेल टी २६० डॉलरला मिळू लागली. इलेक्ट्रिक गाडी मात्र उलट्या दिशेने किंवा जागच्या जागी. १९१२ च्या सुमारास पेट्रोलची गाडी ६५० डॉलरला येत होती, तर विजेची रोडस्टर १,७५० डॉलरला. जवळपास पावणेतीन पट.

हे का झालं? फोर्ड १९१४ मध्ये वर्षाला दोन लाखांहून जास्त गाड्या काढत होता. डेट्रॉइट इलेक्ट्रिक तिच्या बहराच्या काळात हजार-दोन हजार. त्यामुळे व्हॉल्यूमचं गणित तिथेच संपत होतं. पण मला वाटतं, नुसतं व्हॉल्यूम हे पूर्ण कारण नाही. इंजिन म्हणजे ओतीव लोखंड. साचे बनवले, यंत्रं बसवली, की पुढचा प्रत्येक नग आदल्यापेक्षा स्वस्त पडतो. बॅटरीत शिसं असतं, आणि शिसं किलोवर विकत घ्यावं लागतं. दहापट बॅटऱ्या काढल्या म्हणून त्यातलं शिसं काही कमी होत नाही. शिवाय ती झिजते. काही वर्षांनी प्लेट्स बदला, म्हणजे पुन्हा खर्च. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर विजेच्या गाडीचा कॅपेक्स अवाढव्य होता आणि तो दर काही वर्षांनी परत येत होता.

इथे ती नेहमीची गोष्ट येते: चार्ल्स केटरिंगने सेल्फ-स्टार्टर शोधला, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला, हँडल मारायचं कारण उरलं नाही, आणि इलेक्ट्रिक गाडी मेली. यूट्यूबवरचा प्रत्येक दहा मिनिटांचा व्हिडिओ हेच सांगतो. स्टार्टरने फरक पडला हे खरं. पण कॅडिलॅक ही पैसेवाल्यांची गाडी होती. ज्या मॉडेल टीने बाजार मारला, तिला इलेक्ट्रिक स्टार्टर मिळाला तो १९१९ मध्ये, तोही पर्याय म्हणून. तोवर लाखो लोकांनी हँडल मारत, शिव्या देत, ती विकत घेतली होती. गैरसोय लोक सोसतात. न परवडणारी किंमत सोसता येत नाही. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. नवऱ्याच्या कारखान्यातून रोज शेकडो मॉडेल टी बाहेर पडत होत्या आणि बाईसाहेबांना सोयीची वाटत होती ती विजेची. त्यांना ती परवडत होती, एवढाच मुद्दा.

आणि दुसरं म्हणजे प्लग. मॉडेल टीचा मोठा गिऱ्हाईक शेतकरी होता. तो तिचं मागचं चाक उचलून त्यावर पट्टा चढवायचा आणि पंप किंवा लाकडाची करवत चालवायचा. पेट्रोल किराणा दुकानात डब्यातून मिळे. वीज? १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका शेतावर वीज पोहोचली होती. शहरातही घरात एसी वीज असेल तर बॅटरीसाठी ती डीसी करून देणारं रेक्टिफायर यंत्र वेगळं घ्यावं लागे. २०२१ मध्ये योसेफ तालबी आणि हाना निल्सन या संशोधकांनी त्या काळातल्या अमेरिकन मोटारींची मॉडेलं तपासून असा निष्कर्ष काढला की विजेचं जाळं पंधरा-वीस वर्षं आधी पसरलं असतं, तर बहुतेक उत्पादक विजेच्या गाडीकडे वळले असते. म्हणजे परवडणं हे शोरूममधल्या पाटीवर जेवढं ठरतं, तेवढंच तुमच्या घराच्या भिंतीवरही ठरतं.

या सगळ्यात एक प्रयोग असा झाला, ज्याने हा प्रश्न मुळापासून वेगळा मांडला. तो मला सगळ्यात हुशारीचा वाटतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड नावाचं गाव आहे, विमा कंपन्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनीने १९१० च्या सुमारास एक योजना काढली. ट्रक तुम्ही ‘जनरल व्हेइकल’ या कंपनीकडून घ्यायचा, पण बॅटरीशिवाय. बॅटरी वीज कंपनीची. ती संपली की त्यांच्या तळावर जाऊन भरलेली बसवून घ्यायची. ट्रक आणि बॅटरी दोन्ही तशी अदलाबदल पटकन व्हावी म्हणूनच बनवलेली. तुम्ही द्यायचं ते मैलागणिक भाडं, आणि देखभाल व ट्रक ठेवण्याच्या जागेसाठी दरमहा ठरावीक रक्कम.

यात काय काय सुटलं बघा. महाग बॅटरीचा बोजा खरेदीच्या दिवसावरून उठला आणि रोजच्या धंद्यावर पसरला. बॅटरी लवकर म्हातारी झाली तर ती चिंता दुकानदाराची नाही. ज्याला बॅटरीतलं कळतं, त्या वीज कंपनीची. वीज कंपनीलाही हे हवंच होतं, कारण रात्री गावातले दिवे मालवले की तिची यंत्रं रिकामी फिरत. त्या वेळी बॅटऱ्या भरल्या तर पडून राहिलेली वीज विकली जाते. गिऱ्हाईकही नीट निवडलेलं: ट्रकवाले, म्हणजे ठरलेले रस्ते, ठरलेली अंतरं, थांबत थांबत जायचं काम आणि पै-पैचा हिशोब ठेवणारा मालक. त्याची तुलनाही बहुधा पेट्रोलशी नव्हती, घोड्याशी होती, आणि घोडा उभा असला तरी खातो.

ही सेवा १९२४ पर्यंत चालली. हे ट्रक साठ लाख मैलांहून जास्त धावले. १९१७ मध्ये शिकागोत मिलबर्न कंपनीच्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठीही असंच काही सुरू झालं होतं. मग ते का संपलं? पेट्रोलचे ट्रक स्वस्त आणि दणकट झाले, रस्ते सुधारले, माल एका गावातून दुसऱ्या गावात जाऊ लागला. हार्टफर्डची बॅटरी हार्टफर्डमध्येच बदलून मिळणार. पेट्रोलचा डबा कुठेही.

आता २०२४. सप्टेंबरमध्ये एमजीने भारतात विंडसर नावाची इलेक्ट्रिक गाडी आणली: किंमत ९.९९ लाख, बॅटरीशिवाय, आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. त्यावर बरेच मीम्स झाले. ‘उद्या टायरही भाड्याने देतील’ वगैरे. हे ऐकून हार्टफर्डचा एखादा बेकरीवाला हसला असता. एक फरक मात्र आहे: इथे बॅटरी तुमच्याच गाडीत कायम राहते, बदलून मिळत नाही. भाड्याने आहे तो फक्त तिच्या किमतीचा भार, म्हणजे एका अर्थी ते कर्जच.

मधल्या काळात गणिताची बाजूही बदलली आहे. शिसं गेलं, लिथियम आलं, आणि लिथियम बॅटरी इंजिनासारखी वागली: जास्त काढा, स्वस्त होते. २०१० मध्ये बॅटरी पॅकचा सरासरी भाव किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होता. २०२४ मध्ये ११५ डॉलर. बंगळूरच्या चेतन मैनींच्या रेवाच्या नशिबात हे नव्हतं. २००१ साली आली तेव्हा तिच्यात लेड-ॲसिड बॅटऱ्याच होत्या, आणि भारतात ती कुणी फारशी घेतली नाही. तीच गाडी ‘जी-विझ’ नावाने लंडनमध्ये बरी खपली, कारण तिथे शहराच्या मध्यात शिरायचा कर तिला माफ होता. जानेवारी २०२० मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात बनणारी टाटाची नेक्सॉन इलेक्ट्रिक १३.९९ लाखांपासून मिळू लागली, तेव्हा पेट्रोल नेक्सॉन सात लाखांच्या आत सुरू होत होती. तेही इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के आणि पेट्रोलला २८ टक्के अधिक सेस असताना. दुप्पट. १९१२ च्या पावणेतीन पटीपेक्षा बरं, एवढंच.

माझी स्वतःची शीट अशी आहे. समजा घरची वीज १० रुपये युनिट आणि गाडी युनिटला ७ किलोमीटर देते, तर किलोमीटरला साधारण दीड रुपया. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी १५ ची सरासरी देते, तर ७ रुपये. वाचले साडेपाच. गाडी ४ लाखांनी महाग असेल तर ७३ हजार किलोमीटरनंतर फिटते; रोज ६० किलोमीटर जाणाऱ्याचं साधारण साडेतीन वर्षांत, आठवड्यातून दोनदा गाडी काढणाऱ्याचं कधीच नाही. बॅटरी भाड्याने घेतली तर दीड अधिक साडेतीन, पाच रुपये. तरीही पेट्रोलपेक्षा दोन रुपये कमी.

फक्त या शीटमधला ‘घरची वीज’ हा कॉलम मला भरता येत नाही. मी भाड्याने राहतो. माझ्या नावाच्या मीटरपासून खालच्या पार्किंगपर्यंत वायर आणायला घरमालक आणि सोसायटी दोघांची परवानगी लागते. मालक सोसायटीला विचारा म्हणतात, सोसायटी मालकाचं पत्र आणा म्हणते. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटचा दर बऱ्याचदा घरच्या दुप्पट असतो. तिथे २० रुपये धरले तर विजेचेच तीन रुपये, वर भाड्याचे साडेतीन. साडेसहा. पेट्रोल सात.