आपली पट्टी कोणती? तंबोऱ्याची आणि बायकांच्या आवाजाची गोष्ट

नागपूरच्या मनीषनगरातून आम्ही बचत गटाच्या सहयोगिनी बोलतो आहोत. आज कर्ज, हप्ते, हिशोब थोडे बाजूला ठेवू आणि गाण्यावर बोलू. आपल्या कितीतरी गटांत भजनी मंडळ आहे, आणि मंडळ आलं की एक तक्रार हमखास येते, "आमचा सूरच लागत नाही." हा दोष खरोखर आपल्या गळ्याचा आहे का? ते समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

गाण्यातले सगळे स्वर 'सा'वरून मोजले जातात. भिंत सरळ आहे का हे गवंडी ओळंबा सोडून बघतो, तसा 'सा' हा गाणाऱ्याचा ओळंबा. तो सतत कानावर पडत राहावा, अशी सोय आपल्या लोकांनी फार आधीपासून केली आहे. गोंधळ्याच्या मागे एकाच तारेचं तुणतुणं वाजत असतं. भजनात एकतारी असते. सप्ताहात वीणेचा पहारा लागतो, वीणा खाली ठेवायची नाही, एकाने दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. या वाद्यांवर चाल वाजत नाही, त्यांचं काम फक्त सूर धरून ठेवण्याचं. आपल्या आज्या ओव्या म्हणायच्या तेव्हा जात्याची घरघर सोबतीला असायची. ती काही सुरात लावलेली नसे, पण त्या एकसारख्या आवाजावर गळा आपोआप स्थिरावत असे.

याच कामाचं सगळ्यात बारकाईने घडवलेलं वाद्य म्हणजे तंबोरा. महाराष्ट्रात तंबोरा म्हटलं की मिरज. मिरजेचे शिकलगार मुळात तलवारींना धार लावणारे कारागीर. हत्यारांचं काम कमी होत गेलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब नावाच्या कारागिराने पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला सुरुवात केली. आजही तिथे ही घराणी तेच काम करतात. तंबोऱ्याचा भोपळा मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूरच्या परिसरातून येतो. तो भाजीचा नव्हे, जाड सालीचा, खास वाद्यांसाठी पिकवलेला असतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोऱ्याला साधारण चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या 'सा'च्या आणि शेवटची जाड तार खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची. तारा घोडीवरून जातात आणि तिथे प्रत्येक तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवलेला असतो. तो नेमक्या जागी बसला की तार नुसती 'टण्' करत नाही, गुंजत राहते. याला जवारी म्हणतात. जवारी चांगली असेल आणि तंबोरा नीट लागला असेल, तर खर्जाच्या तारेतून कोणी न वाजवलेला गंधारही ऐकू येतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

आपल्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा गंधार या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. पेटीचे स्वर कारखान्यात बांधून येतात, ते हलत नाहीत, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडही त्यावर निघत नाही. यावरून मोठा वाद झाला आणि १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. आपल्या नागपूर केंद्राचा जन्म १९४८ चा, म्हणजे तोही या बंदीच्या काळातलाच. सत्तरच्या दशकात बंदी हळूहळू सैल झाली. पेटी वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही, गावातलं भजन तिनेच टिकवलं. पण कान तयार करायचा असेल तर गुरू तंबोराच.

आता बायकांकडे येऊ. शंभर वर्षांपूर्वी 'चांगल्या घरच्या' बाईने चारचौघांत गाणं हे लाजिरवाणं मानलं जाई. गाणाऱ्या बाईला लोक टाळ्या देत, मान देत नसत. अशा काळात १९०५ मध्ये मिरजेला हिराबाई बडोदेकरांचा जन्म झाला. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या त्या कन्या. करीम खाँसाहेबांचं नाव आजही शुद्ध सुरासाठीच घेतलं जातं. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये हिराबाई होत्या. मागे तंबोरे, समोर श्रोते आणि मधे शांत बसून गाणारी बाई, हे चित्र महाराष्ट्राने त्यांच्यामुळे पाहिलं आणि मानलं. लोकांनी त्यांना 'गानहिरा' म्हटलं, सरकारने १९७० मध्ये पद्मभूषण दिलं.

या इतिहासातून आपण एक गोष्ट घ्यायची. प्रत्येक गाणाऱ्याचा 'सा' वेगळा असतो, त्यालाच पट्टी म्हणतात. पुरुष साधारण काळी एक, काळी दोनच्या आसपास गातात. बायकांची पट्टी बहुधा काळी तीन ते काळी पाच. म्हणून बायकांचे तंबोरेही आकाराने थोडे लहान बनतात. पण गावातल्या भजनात पट्टी कोण ठरवतं? पेटीवाले भाऊ, तेही स्वतःच्या गळ्याला सोयीची. मग बाया एकतर खाली पुटपुटतात, नाहीतर वर ताणून ओरडतात, आणि शेवटी ऐकावं लागतं की बायकांना सूर नाही. ताई, सूर आहे. पट्टी दुसऱ्याची आहे.

आपली पट्टी शोधायला पैसे लागत नाहीत. १९७९ च्या सुमारास बंगळूरचे जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला, आणि आता मोबाइलवर तंबोऱ्याची अ‍ॅप फुकट मिळतात. त्यात 'जी शार्प' निवडा, म्हणजे काळी चार. डोळे मिटून आधी दोन मिनिटं नुसतं ऐका. मग 'आ'कारात 'सा' लावा, ओरडू नका. सूर थोडा जरी हलला तरी दोन आवाजांमध्ये थरथर जाणवते, लाटा आल्यासारखी. सूर जुळला की थरथर थांबते आणि आपला आवाज तंबोऱ्यात विरघळतो. खाली पंचमापर्यंत आणि वर तार गंधारापर्यंत गळा न ताणता गेला, तर ती तुमची पट्टी. ताण पडला तर एक पट्टी खाली या, खूप सोपं वाटलं तर एक वर जा. रोज सकाळी दहा मिनिटं पुरेत. चूल पेटवताना केलं तरी चालेल.

मंडळात सगळ्यांची पट्टी एक नसणार. मग बैठकीत कर्जाचा निर्णय घेतो तसा सगळ्यांना जमेल असा 'सा' मिळून ठरवा, तो वहीत लिहा, आणि पुढच्या भजनाला पेटीवाल्या भाऊंना आधीच सांगा, "भाऊ, आज काळी चार धरा."