हाली रुपया आणि दूरचा बोलीदार

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. परंतु त्या भूमीच्या पोटांतील नाणीं त्याहून फार जुनीं आहेत. सातवाहनांचीं शिशाचीं व तांब्याचीं नाणीं, मोगल अंमलांतील जालनापूर टांकसाळीचे रुपये, आणि सर्वांत शेवटीं निजामाचा चारमिनारच्या छापाचा हाली रुपया. सात हाली रुपये म्हणजे सहा इंग्रजी रुपये, हा भाव संस्थानांतील व्यापाऱ्यांच्या नित्य व्यवहारांतला होता. १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत आलें आणि १९५९ पर्यंत हाली चलन पुरतें मागें घेतलें गेलें. बाजारांतून तें उठलें आणि संग्राहकाच्या पेटींत जाऊन बसलें.

पूर्वीं संग्राहकाचा शोध पायांनीं चाले. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर गांवोगांव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि अडगळीच्या खोल्यांतून दिवे, अडकित्ते, भांडीं जमवीत राहिले, आणि १९७५ मध्यें तो सारा संग्रह त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. असल्या शोधाला वेळ हाच मुख्य खर्च. व्यापाऱ्याचें भांडवलही पैशापेक्षां ज्ञानाचेंच अधिक असे. वस्तु कोणाला हवी आहे आणि ती कोणापाशीं पडून आहे, ही माहिती एकट्या त्याला असे; तिच्यावर त्याचा संसार चाले.

हें भांडवल इंटरनेटनें फोडलें. १९९५ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत पिएर ओमिदयार यांनीं जी लिलावाची पेढी काढली, तिचें पुढें ई-बे झालें. तिची रीत मात्र नवी नव्हती. बोलीदारानें आपली कमाल रक्कम गुप्त ठेवावी, आणि जिंकल्यास दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून थोडी अधिक एवढीच रक्कम त्यानें द्यावी, याच्या अगदीं जवळची पद्धत टपालतिकिटांच्या अमेरिकन लिलावांत १८९३ सालींच होती. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनीं तिचें शास्त्र मांडलें तें १९६१ मध्यें. व्यापारी शास्त्रज्ञाच्या पुढें गेला होता, हें मला मोठें गमतीचें वाटतें. हिंदुस्थानांत ई-बेनें २००४ मध्यें बाझी ही कंपनी विकत घेतली. तिचा येथील व्यवहार २०१८ मध्यें बंद झाला, पण त्या अवधींत लोकांना संवय लागून गेली होती.

या संवयीनें किंमतींचें काय झालें? एकच गोष्ट झाली नाहीं, दोन विरुद्ध गोष्टी झाल्या. सामान्य वस्तु स्वस्त झाली. ज्या हाली रुपयाला गल्लींतला एक व्यापारी दुर्मिळ म्हणे, तसे शेंकडों रुपये एका पडद्यावर दिसूं लागले. खरोखर दुर्मिळ वस्तु मात्र महागली, कारण तिच्यासाठीं आतां मुंबईचा, लंडनचा आणि दुबईचा धनिक एकाच क्षणीं बोली लावूं शकतो. मधला वर्ग गोंधळांत पडला. त्याला मागितलेली किंमत आणि खरोखर मिळालेली किंमत यांतला भेद उमजत नाहीं. पांच रुपयांच्या साध्या नाण्याला लाखों मिळतात अशा अफवा मोबाईलवरून फिरतात. रिझर्व्ह बँकेच्या नांवानें जुन्या नोटानाण्यांवर दलाली मागणारे ठकही निघाले. त्यांच्याविरुद्ध बँकेला ऑगस्ट १९२१ मध्यें नव्हे, तर अगदीं आपल्याच काळांत, ऑगस्ट २०२१ मध्यें जाहीर इशारा द्यावा लागला.

दूरच्या बाजारानें वस्तु कोठून कोठें जातात याचें एक नवल सांगतों. एस्. एस्. ईजिप्त नांवाची आगबोट मे १९२२ मध्यें फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाली. तिच्यांत सोनें होतें, आणि निजामासाठीं छापलेल्या, सही न झालेल्या नोटाही होत्या. पुढें १९३२ च्या सुमारास इटालियन पाणबुड्यांनीं सोनें काढतांना त्या भिजक्या नोटांचे गठ्ठे वर आणले. चलन म्हणून ज्यांना कधींच मोल नव्हतें, त्या नोटा आज लिलावांत दिसतात. त्यांचें मोल अपघाताच्या गोष्टीचें आहे.

आतां मुद्द्याची गोष्ट. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन; येथील यात्रेकरूंचीं नांवें सांची व भरहुत येथील शिलालेखांत आहेत. १९७३ च्या उत्खननांत तेथें एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष निघाला. पाँपेई येथें १९३८ मध्यें मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशीं तिचें साम्य इतकें निकटचें कीं, ती दख्खनांतून रोमला गेली असावी, असें कांहीं विद्वान म्हणूं लागले. हें बोलतां आलें तें ती भोकरदनच्या मातींत, विशिष्ट थरांत सांपडली म्हणून. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ मध्यें तेरा हजारांवर नाण्यांचा सांठा निघाला. नहपानाच्या त्या नाण्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें पुन्हां आपला छाप मारलेला होता. क्षहरातांच्या पाडावाचा तो पुरावा. तो सांठा सुट्टा होऊन एकएक नाणें लिलावांत गेला असता, तर एवढें प्रमाण कोणाला मोजतां आलें असतें?

१८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविणें भाग आहे, आणि १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांपूर्वींच्या वस्तु परदेशीं धाडण्यास बंदी आहे. म्हणून नांगरतांना मिळालेलें नाणें विकणारा माणूस नाण्याच्या छायाचित्राखालीं धातु, वजन आणि स्थिति लिहितो. शेत कोणतें, गांव कोणतें, हें लिहीत नाहीं. तें लिहिलें तर तो कबुलीजबाब ठरेल. घेणाराही तें विचारीत नाहीं, आणि नाणें भोकरदनचें, अंबडचें कीं परतूरचें, हें दोघांनाही कळूं न देतां टपालांतून निघून जातें.